चावरा डब्बा

मी एक जुना सेट-टॉप बॉक्स आहे. नागपूरच्या नंदनवन भागात मला नुसते 'डब्बा' म्हणतात. मित्रांनो, तुमच्याही घरी टीव्हीखालच्या फळीवर माझा एखादा भाऊबंद बसलेला असेल आणि तुम्ही त्याच्याकडे कधी वळून पाहिले नसेल. तुम्ही पाहता टीव्हीकडे. आमची आठवण येते ती चित्र अडकले की, आणि तीही पाठीत थापट घालायला. त्या थापटांचा मला राग नाही. माझा राग एकाच माणसावर आहे. तेव्हा ही कहाणी गोडगोड होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. काळ्या पत्र्याचे अंग, पुढे एक हिरवा दिवा आणि मागे केबलची तार खोचायला जागा. माझ्याच खोक्यात माझा जोडीदार होता, माझा अडॅप्टर. भिंतीतली वीज फार दांडगी असते. ती तशीच अंगात आली तर आमची राख होईल. म्हणून अडॅप्टर ती आधी स्वतःवर घेतो, तिला नरम करतो आणि मला झेपेल तेवढीच पुढे सोडतो. कारखान्यात आम्हा दोघांना एकत्र तपासले. तापवून पाहिले, दमट हवेत ठेवून पाहिले, वीज कमीजास्त करून पाहिली. माझा जोडीदार अंगाने जड आणि स्वभावाने गंभीर होता. सगळ्या परीक्षा पास झाल्यावर त्याच्या पाठीवर सुरक्षिततेची खूण उमटली, तेव्हा मला स्वतःपेक्षा त्याचाच जास्त अभिमान वाटला.

आम्ही नागपूरला पोहोचलो ते थेट हुडकेश्वर रोडवरच्या एका केबल ऑफिसात. त्याचा मालक जितेंद्र. नंदनवनातल्या काही गल्ल्यांची केबल त्याच्याच हातात होती. माणूस दिसायला टापटीप आणि बोलायला तर साखरच. त्याने स्वतःचे एक लोकल चॅनेलही काढले होते. त्यावर साड्यांच्या सेलच्या जाहिराती, लोकांचे वाढदिवस आणि सगळ्यांत जास्त वेळ त्याचा स्वतःचा फोटो दिसायचा.

तर या जितेंद्रने माझे खोके ब्लेडने फाडले, माझ्या जोडीदाराला उचलले आणि एका पोत्यात टाकले. त्या पोत्यात माझ्या सगळ्या भावांचे जोडीदार होते. पोते बाजारात विकायला गेले. मग त्याने एका थैलीतून दुसराच अडॅप्टर काढला. काड्यापेटीसारखा हलका, पाठीवर ना नाव ना खूण, एक चिठ्ठी तेवढी तिरकी चिकटवलेली. तो मला जोडला, बटण दाबले. माझा हिरवा दिवा लागला.

"लागला न दिवा? बस झालं," जितेंद्र म्हणाला.

मित्रांनो, दिवा काय, कसाही लागतो. त्या हलक्या अडॅप्टरच्या अंगात वीज अडवायची ताकदच नव्हती. त्याच्यातून थोडी थोडी दांडगी वीज झिरपायची आणि माझ्या पत्र्यावर येऊन बसायची. मी ओरडू शकत नव्हतो. त्या दिवसापासून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत राहिला.

मला दुर्गेशच्या घरी बसवले. दुर्गेश एका शाळेत क्लार्क आणि त्याची बायको दामिनी बँकेत. दोघे सकाळीच बाहेर पडत. त्यांची मुलगी उन्नती तेव्हा पाळण्यात होती. तिला दिवसभर सांभाळत दुर्गेशची आई, यमुताई. माहेर नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातले, संत्र्यांच्या बागांतले. नवरा गेल्यावर त्या मुलाकडे आल्या आणि या नातीत जीव अडकवून बसल्या. यमुताई घरात कधीही चप्पल घालत नसत. घर म्हणजे देवाची जागा, तिथे चप्पल कसली, असे त्यांचे म्हणणे.

पहिले काही दिवस माझी फार स्तुती झाली. आता हसू नका, पण ती चित्राबद्दल नव्हती. नागपूरच्या हिवाळ्यात विरजण लवकर लागत नाही. मी आपला त्या हलक्या अडॅप्टरपायी तव्यासारखा तापायचो. दामिनीने एकदा माझ्या डोक्यावर दह्याचे भांडे ठेवून पाहिले. सकाळी दही सुरीने कापावे असे घट्ट. मग रोजच माझ्या डोक्यावर भांडे. शेजारच्या इंदुताई दही चाखून गेल्या आणि त्यांनीही आपल्या डब्ब्यावर भांडे चढवले. बघता बघता अख्खी गल्ली डब्ब्यावर दही लावू लागली. एवढा ताप येतो म्हणजे काहीतरी बिघडले आहे, हे कुणाच्या मनात आले नाही.

मी घरात आलो त्या दिवशी यमुताईंनी मला हळदीकुंकू लावले होते. नवी वस्तू घरात आली की त्या लावायच्याच. तेव्हा माझे बटण अजून दाबलेले नव्हते. इतक्या मायेने मला कारखान्यातही कुणी हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी फरशी पुसली आणि ओल्या पायांनीच माझ्या अंगावरून फडके फिरवले. मी चालू होतो. घरात मला प्रेमाने हात लावणारे एकच माणूस, आणि मी त्याच हाताला चावलो.

त्यांनी हात झटकला. मग पुन्हा एकदा, जपून बोट लावले. पुन्हा तेच. कोपरापर्यंत मुंग्या गेल्या.

संध्याकाळी त्या मुलाला म्हणाल्या, "दुर्गेश, मले तो डब्बा चावते गा."

दुर्गेशच्या टाचा दुखायच्या, म्हणून तो घरात मऊ रबरी चपला घालायचा. त्याने मला हात लावला. काही नाही. दामिनीने सतरंजीवर उभे राहून हात लावला. तिलाही काही नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. वाईट मुले नव्हती ती. पण आईचे बोलणे खोटे ठरवायला त्यांना एवढा पुरावा पुरला.

तरी यमुताईंनी टुमणे सोडले नाही, म्हणून एकदा जितेंद्रला बोलावले. दाराशी सगळे चपला काढतात. हा मात्र दोन मिनिटांचेच काम आहे म्हणत बुटांसकट आत आला. त्याने आधी आपल्या बुटांकडे पाहिले आणि मग अख्खा पंजा माझ्या पाठीवर ठेवला. मित्रांनो, ती एक नजर मी पाहिली. त्याला सगळे ठाऊक होते. दुसऱ्या घरांतूनही तक्रारी आल्या असणार.

"पाहा, काही आहे काय?" तो हसत म्हणाला. मग दह्याच्या भांड्याकडे बोट दाखवून असल्या ठिकाणी ओले काही ठेवूच नये, असा शहाणपणाही शिकवून गेला. जाताना दाराशी दुर्गेशच्या खांद्यावर हात टाकून त्याने आवाज खाली केला. आजीचे वय झाले, या वयात मनाचे खेळ चालतात, एखाद्या डॉक्टरला दाखवून घ्या. यमुताईंच्या कानावर ते पडले. त्या दिवशी मी ठरवले, की या माणसाचे उट्टे काढल्याशिवाय मी भंगारात जाणार नाही.

पण डब्ब्याने सूड घ्यायचा तरी कसा? माझ्या हातात एकच गोष्ट होती, चित्र. लोकल चॅनेलवर जितेंद्रचा फोटो आला की मी मुद्दाम अडकायचो. त्याच्या तोंडाचे चौकोन चौकोन करायचो. नाक एकीकडे, मिशी दुसरीकडे. तेवढ्यापुरते बरे वाटायचे. यमुताईही पदर तोंडाला लावून हसायच्या.

पावसाळा संपता संपता मात्र ते घडले. उन्नती आता रांगत होती, धरून धरून उभी राहत होती. माझ्या हिरव्या दिव्याचे तिला भारी वेड. यमुताई फरशी पुसून तिला कडेवर घेऊन उभ्या होत्या आणि पोरीने दिव्याकडे हात टाकला. यमुताईंनी तिला झटक्यात मागे ओढले. त्या ओढाताणीत त्यांचे कोपर माझ्या पत्र्याला लागले. मी चावलो. हात आखडला आणि पोरगी खाली फरशीवर पडली. कपाळाला हे एवढे टेंगूळ आले.

यमुताईंनी तिला वाचवले होते हो. दिव्याला लागणारा तो लाळेने ओला, इवला हात त्यांनी वेळेवर ओढून घेतला होता. पण संध्याकाळी त्यांनी हे सांगितले तेव्हा दुर्गेश आईकडे बघेनाच. दामिनी रडत होती. दुसऱ्या दिवसापासून उन्नती शेजारी इंदुताईंकडे जाऊ लागली. आणि दुर्गेशने आपल्या मामाला, नत्थूजींना, फोन लावला. आईला दसऱ्यानंतर काही दिवस गावाकडे न्या, हवापालट होईल, तिचे डोके थोडे शांत होईल. काही दिवस म्हणजे किती, हे त्याने सांगितले नाही, मामानेही विचारले नाही.

भिंतीपलीकडे उन्नती रडायची आणि अलीकडे यमुताई हात मांडीवर ठेवून बसायच्या. समोर मी. त्या माझ्याकडे बघत, मी त्यांच्याकडे. मला त्यांची कीव येत नव्हती, मित्रांनो. मला जितेंद्रचा गळा दिसत होता.

अशाच एका दुपारी जितेंद्र गल्लीतून चालला होता. यमुताई दारात बसल्या होत्या. त्यांची नजर त्याच्या बुटांवर गेली. ती तिथेच थांबली. मग त्यांनी आत वळून दुर्गेशच्या रबरी चपलांकडे पाहिले, सतरंजीकडे पाहिले, शेवटी आपल्या उघड्या पावलांकडे. त्या उठल्या, सतरंजीवर उभ्या राहिल्या आणि मला एक बोट लावले. मी नाही चावलो. मला तोंड असते तर मी आनंदाने ओरडलो असतो.

तुम्हाला वाटेल, त्यांनी लगेच मुलाला सांगितले असेल. छे! सांगून आजवर काय पदरात पडले होते? त्या स्वतःशी हसल्या. ते हसू काही आजीचे नव्हते. एखादा जुना हिशोब चुकता करायचा असला की माणूस तसे हसतो.

खंडेनवमी आली. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी आपण हत्यारांची, यंत्रांची पूजा करतो. दुर्गेशने गाडी धुतली, दामिनीने मिक्सरला झेंडूचे फूल वाहिले. यमुताईंनी मुलाला सांगितले, की या घरातला डब्बा जितेंद्रचा आहे, तेव्हा त्यालाच बोलाव. त्याच्या हाताने कुंकू लागू दे, गावाला जाण्याआधी माझ्या मनातला वहम तरी निघून जाईल. दुर्गेशला भरून आले. त्याने जितेंद्रला फोन केला, आणि पूजेचा मान म्हटल्यावर तो काय, एका पायावर तयार. इंदुताई उन्नतीला घेऊन आल्या, गल्लीतल्या बायका जमल्या.

जितेंद्र पांढराशुभ्र कुर्ता घालून आला. पूजेला बूट घालून कोण आत येणार? दाराशी त्याने बूट काढले. आत फरशी नुकतीच पुसलेली, अजून चमकत होती. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. टीव्हीवर देवीच्या मंदिरातली आरती चालू होती. यमुताई माझ्या बटणापाशी उभ्या होत्या. त्यांना त्याला मारायचे नव्हते, बोलते करायचे होते. माझे म्हणाल तर मला तो जिवंत सुटला तरी चालणार होता, पण चांगला कळवळलेला.

त्यांनी हळदीकुंकवाचे ताट त्याच्या हातात दिले.

"यंत्र तुझं आहे गा. तूच बोट लाव."

जितेंद्र पुढे आला. पाय ओल्या फरशीवर पडले आणि तो थांबला. त्याने पायांकडे पाहिले, मग माझ्याकडे. किती दिवस मी या घडीची वाट पाहत होतो! ये, मी मनात म्हणालो, लाव बोट.

त्याने लांबूनच फूल टाकले. यमुताई म्हणाल्या, फूल झाले, आता कुंकू. त्याला घाम फुटला. त्याने सुरुवात केली, की आजच्या दिवशी यंत्र बंद ठेवायचे असते, रीतच आहे तशी. आणि त्याचा हात बटणाकडे निघाला. बायकांनी माना डोलावल्या, कारण रीत खरीच तशी आहे. पण यमुताईंनी विचारले, देवीची आरती चालू असताना मध्येच बंद करणार का? मग बायकांनी यमुताईंच्या बाजूने माना डोलावल्या. जितेंद्र म्हणाला, फरशी फार गार लागते, एखादी चप्पल मिळेल का. देवापुढे चप्पल मागितल्यावर इंदुताईंनी तोंडावर हातच ठेवला.

दुर्गेश इतका वेळ गंमत पाहत होता. आता त्याच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. तो जितेंद्रच्या अगदी जवळ आला.

"लावा न, जितेंद्रभाऊ. तुम्हीच म्हणाले होते न, काही नाही त्यात?"

जितेंद्रचे बोट हवेत होते. त्यावरचे ओले कुंकू कुर्त्यावर टपकले.

"आजी," तो पुटपुटला, "करंट येते त्यात. ओल्या पायानं हात नाही लावत."

यमुताईंनी मुलाकडे पाहिले आणि जितेंद्रला म्हणाल्या,

"जोरानं सांग गा. माझ्या पोराले ऐकू नसंल आलं."

आणि त्याने जोराने सांगितले. सांगावेच लागले. यमुताईंनी त्याला सगळे ओकायला लावले, पोते, थैली, तो हलका अडॅप्टर, सगळे. मग एकेक बाई बोलू लागली. इंदुताईंच्याही हाताला मुंग्या यायच्या. त्यांना वाटायचे वाताचे दुखणे आहे. उन्नती दिवसभर त्यांच्याच घरी रांगत होती, हे लक्षात आले तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. दामिनीने उन्नतीला त्यांच्याकडून ओढून घेतले.

जितेंद्र बुटांकडे वळला. यमुताई त्याच्याआधी दारात पोहोचल्या होत्या.

"बूट मागाहून घाल. आधी सगळ्याइच्या घरून ते अडॅप्टर काढ."

शुभ्र कुर्त्यावर कुंकवाचे डाग घेऊन, अनवाणी, तो गल्लीतल्या एकेका घरात गेला. आधी भिंतीवरचे बटण बंद करायचे, मग प्लग उपटायचा. पोरे मागे मागे, बायका दारादारात. लोकल चॅनेलवर त्याचे तोंड रोज पाहणाऱ्या गल्लीने त्या दिवशी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. मित्रांनो, मी त्याला चावू शकलो नाही. पण चावलो असतो तर तो दोन दिवसांत विसरला असता.

मग दामिनीने उन्नतीला आणून यमुताईंसमोर धरले. घ्या न आई, म्हणाली. मला वाटले, आता त्या झडप घालून घेतील. त्यांनी हात मांडीवरून उचललेसुद्धा नाहीत.

"मी तं वेडी आहो न वं? वेडीच्या मांडीवर लेकरू देते काय?"

दामिनी रडू लागली. दुर्गेश खाली मान घालून उभा. यमुताईंनी त्याला फोन उचलायला लावला, मामाला लावायला सांगितला, आणि सगळ्यांदेखत बोलायला लावले. तो बोलला. मामा, आई येत नाही. ती खरं बोलत होती, मीच ऐकलं नाही. पलीकडून नत्थूजींना नीट ऐकू आले नाही, म्हणून त्याला पुन्हा सांगावे लागले. मग यमुताईंनी उन्नतीला घेतले आणि तिच्या कपाळावरून, जिथे टेंगूळ आले होते तिथून, कितीतरी वेळ हात फिरवला.

आता त्या घरात नवा डब्बा आहे, चांगल्या जड अडॅप्टरचा. दह्याचे भांडे आता डाळीच्या डब्ब्यात उबेला ठेवतात. दुर्गेश एकदा म्हणाला, आई, जितेंद्र घरी येऊन माफी मागून गेला, जाऊ दे आता. यमुताईंनी उत्तर दिले, "तुले माफ केलं, तू माझा पोरगा होय. त्याची मी कोन लागते?"

म्हणून मित्रांनो, एवढे ऐका. अडॅप्टर हातात घेऊन पाहा. त्यावर नाव आणि खूण नसेल, तो फुलासारखा हलका असेल, तापत असेल, तर घरातल्या मोठ्यांकडून आधी बटण बंद करून घ्या आणि तो बदलून मागा. यमुताईंसारखी बोट लावून परीक्षा मात्र कधीही घेऊ नका. आणि घरातले कुणी म्हणाले, की ही वस्तू मला चावते, तर ते माणूस लहान असो की म्हातारे, आधी त्याचे खरे माना. वस्तूची तपासणी करा, माणसाची नको.

काल यमुताईंनी मला आणि त्या हलक्या अडॅप्टरला एका कापडी पिशवीत घातले. दुर्गेशच्या गाडीवर मागे बसून, पिशवी छातीशी धरून, त्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या ऑफिसात गेल्या. दुर्गेश बोलायला पुढे झाला, तर त्यांनी त्याला हाताने मागे सारले. मला टेबलावर ठेवले. टेबलामागच्या तरुण माणसाने, काय झाले, असे विचारले.

"साहेब, हा डब्बा चावते," यमुताई म्हणाल्या. "लिहून घ्या."

तो हसला नाही. त्याने पेन उचलले आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.